टाकीची पाहणी कोणासाठी?

(जंगलपट्टीतल्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या पाड्यांवरून कोणाला येता आलं नाही, त्यांनी गावकीत बसून वाचून घ्यावा.)



आज आम्ही तेलावर बोलणार आहोत. मोहाचं तेल नव्हे. जमिनीतून उपसतात, टाक्यांत साठवतात, पाइपातून आणि जहाजातून नेतात, ते तेल. तुम्ही म्हणाल, आमचं भांडण फॉरेस्टशी, एकसाली प्लॉटांचं. तेलाशी आमचा संबंध रेशनवरच्या रॉकेलापुरता, आणि तेही मिळालं तर. मग हे अमेरिका नि अलास्का कशाला काढता?

काढतो, कारण मुंबईच्या रिफायनरीपासून मनमाडकडे जाणारी तेलाची लाईन ठाणे-नाशिक जिल्ह्यांतून जाते. जमिनीखाली आहे म्हणून दिसत नाही, एवढंच. आणि या शिबिरात काल रात्री एका बाईंनी जो प्रश्न विचारला तो आम्हाला फार मोलाचा वाटला. त्या म्हणाल्या, साहेब लोक जीपमधून येतात, लाईनीवर उभे राहतात, कागदावर काहीतरी लिहितात आणि जातात. ते काय लिहितात?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या आदिवासींनी, काळ्या लोकांनी, कोळ्यांनी विचारला. त्यांना काय उत्तर मिळालं, किती मिळालं आणि कुठे अडलं, ते आज सांगायचं आहे.

आधी तिथला कायदा समजून घेऊ. तेल सांडल्यावर दंड करण्यापेक्षा ते सांडूच नये म्हणून अमेरिकेच्या सरकारने १९७३ साली एक नियम काढला. ज्या ठिकाणी जमिनीवरच्या टाक्यांत मिळून सुमारे पाच हजार लिटरच्या वर तेल साठतं, आणि सांडलं तर ते नदीनाल्यात जाऊ शकतं, त्या मालकाने आराखडा करायचा. टाकीभोवती बांध घालायचा. बांध केवढा? सगळ्यांत मोठी टाकी पूर्ण फुटली तरी तेल आत राहील, वर पावसाचं पाणीही मावेल, एवढा. टाकीची, पाइपांची, व्हॉल्व्हची तपासणी मालकाने वेळोवेळी करायची. आराखड्यावर सहसा इंजिनिअरची सही पाहिजे आणि दर पाच वर्षांनी तो पुन्हा बघायला पाहिजे. सरकारचा इन्स्पेक्टर येईल तेव्हा त्याला दाखवायचा.

ऐकायला चांगलं वाटतं. बांध म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. भाताच्या खाचराला बांध घालतो तसाच तो. पण आता खोच बघा. हा आराखडा सरकारकडे पाठवायचा नसतो. तो कंपनीच्या ऑफिसात, कंपनीच्या कपाटात राहतो. मोठी सांडलवंड झाली किंवा वर्षात दोनदा झाली, तरच तो वर पाठवावा लागतो. अशा टाक्यांची ठिकाणं देशभर लाखांनी, आणि इन्स्पेक्टर मूठभर. बहुतेक टाक्यांपाशी इन्स्पेक्टर कधी पोचतच नाही. जिथे पोचतो तिथे तो कंपनीच्या माणसाबरोबर फिरतो, कंपनीचे कागद बघतो, कंपनीच्या गेटातून बाहेर पडतो. टाकीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी कोण राहतं, ते पाणी कशाला वापरतात, त्यांना कधी वास आला का, हे विचारायची त्या नियमात जागाच नाही.

नुसत्या कागदावर भागलं तर काय होतं ते १९८८ च्या २ जानेवारीला पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्लोरेफ नावाच्या गावी दिसलं. अ‍ॅशलंड ऑइल कंपनीची डिझेलची टाकी भरताना फाटली. टाकी जुनीच होती. दुसरीकडे मोडून तिथे आणून पुन्हा जोडलेली. पत्रा चाळीसेक वर्षांचा. पाण्याने पूर्ण भरून चाचणी घ्यायला हवी होती, ती घेतलेली नव्हती. एका दमात जवळपास दीड कोटी लिटर डिझेल बाहेर पडलं. बांध होता, पण लाट एवढ्या जोराची की बांधावरून उडाली, पलीकडच्या पावसाळी गटारात शिरली आणि तिथून मोनोंगाहेला नदीत. नदीत सुमारे २८ लाख लिटर गेलं. खालच्या शहरांचं नळाचं पाणी बंद करावं लागलं. बांध आहे का, या रकान्यात बरोबरची खूण करता आली असती. बांधाच्या पलीकडे गटार कुठे जातं हे विचारणारा मात्र कोणी नव्हता.

आता दुसरा भाग. टाक्या, खड्डे, कचऱ्याची भराव-जागा हे सगळं कोणाच्या दारात येतं? १९८२ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या वॉरन काउंटीत विषारी तेलाने भिजलेली माती पुरायचं सरकारने ठरवलं. वस्ती काळ्या गरीब लोकांची. लोक रस्त्यावर ट्रकांसमोर आडवे पडले, पाचशेच्या वर माणसं पकडली गेली. माती तिथेच पुरली. लढा हरला म्हणायचं तर म्हणा. पण १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या चर्चने सगळ्या देशाचा हिशेब काढला, तेव्हा दिसलं की घातक कचऱ्याच्या जागा कुठे येणार हे सांगायला वस्तीची गरिबी जेवढी उपयोगी, त्याहून माणसांचा वर्ण जास्त उपयोगी. आपल्याकडे याला जात म्हणतात, तिकडे वर्ण.

१९९२ साली नॅशनल लॉ जर्नल नावाच्या वकिलांच्या पत्राने आणखी एक गोष्ट उघड केली. ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते, कारण ती थेट तपासणी आणि दंडाची आहे. घातक कचऱ्याच्या कायद्याखाली कंपन्यांना झालेले दंड त्यांनी मोजले. गोऱ्या वस्तीजवळच्या गुन्ह्यांना सरासरी ३,३५,५६६ डॉलर. काळ्या आणि इतर वर्णांच्या वस्तीजवळ ५५,३१८ डॉलर. कायदा तोच, सरकार तेच. या आकड्यांवर नंतर वाद झाले, होणारच. पण ज्यांनी फॉरेस्टच्या केसेस बघितल्यात त्यांना नवल वाटणार नाही. आपल्या बाईने मोळी आणली तर कोयता जप्त, आणि ठेकेदाराचा ट्रक रात्रीतून नाक्यापलीकडे.

१९९१ च्या ऑक्टोबरात हे सगळे लोक, काळे, मेक्सिकन, आशियाई आणि मूळ आदिवासी जमाती, वॉशिंग्टनला जमले आणि त्यांनी पर्यावरणीय न्यायाची १७ तत्त्वं लिहून काढली. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. घाण कोणाच्या दारात टाकायची हे ठरताना ज्याचं दार आहे तो माणूस बसलेला पाहिजे. शेवटी १९९४ च्या ११ फेब्रुवारीला अध्यक्ष क्लिंटन यांनी एक आदेश काढला. सरकारच्या प्रत्येक खात्याने आपल्या कामाचा गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवर काय बोजा पडतो ते बघायचं. जे लोक नदीतले मासे, जंगलातला प्राणी खाऊन जगतात त्यांच्याबद्दल त्यात वेगळं कलम होतं. मूळ आदिवासी जमातींचाही उल्लेख होता.

म्हणजे तेव्हा इन्स्पेक्टरने टाक्या निवडताना नुसती सगळ्यांत मोठी टाकी किंवा रस्त्याला लागून असलेली टाकी न निवडता, कोणाच्या उशाशी टाकी आहे हे बघून निवडावी, असं म्हणायला जागा झाली. खालच्या अंगाचे लोक विहिरीचं पितात की ओढ्याचं? मासे विकतात की खातात? विकणाऱ्याचं नुकसान पैशात मोजता येतं, खाणाऱ्याचं मोजायला कागदच नसतो. त्यांची भाषा कोणती? त्यांनी आधी तक्रार केली होती का, आणि ती कुठल्या फायलीत पडली? पाहणी न्यायाची व्हायची तर हे सगळं पाहणीच्या कागदात आलं पाहिजे.

पण त्याच आदेशाच्या शेवटी एक कलम होतं. या आदेशाने कोणालाही कोर्टात मागता येईल असा हक्क मिळत नाही. साफ लिहिलं होतं. म्हणजे साहेबाने ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर तुम्ही घरी जा. आणि आदेशच तो. एका अध्यक्षाने सही करून काढला, दुसऱ्याने २०२५ साली सही करून मागे घेतला. आपण १९७८ चा जीआर अजून खिशात घेऊन फिरतोय ना, अतिक्रमणं नियमित करण्याचा? घडीवर फाटला, चिकटपट्टी लावून ठेवलाय. १९८० साली दिल्लीत वनसंवर्धन कायदा झाला आणि त्या जीआरचं घोडं जे अडलं ते अडलंच. म्हणून कोणी आदेश दाखवला की आम्ही आधी विचारतो, याच्या पाठीमागे कायदा कुठला?

याचं उत्तर अलास्कात सापडतं. तिथली गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

अलास्का म्हणजे अमेरिकेचं उत्तरेचं टोक. बर्फाचा मुलूख. तिथे उत्तरेला तेल सापडलं, ते दक्षिणेला बंदरापर्यंत पाइपाने आणायचं ठरलं. मध्ये जमीन आदिवासींची. तो प्रश्न मिटवल्याशिवाय पाइप घालता येईना, म्हणून १९७१ साली कायदा करून सरकारने त्यांचे दावे 'मिटवले'. थोडी जमीन, थोडे पैसे आणि बाकी हक्क संपले. १९७७ पासून तेल वाहू लागलं. व्हाल्डिझ नावाच्या बंदरात टाक्या, तिथून जहाजं. जहाजांची वाट प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या खाडीतून. त्या खाडीच्या काठी ताटितलेक, चेनेगा बे अशी अल्युटिक आदिवासींची छोटी गावं. सील मारायचे, हेरिंग मासळीची अंडी गोळा करायची, ओहोटीला खडकावरच्या शिंपल्या काढायच्या, यावर घर चालायचं. चेनेगाचं नशीब तर बघा. १९६४ च्या गुड फ्रायडेला भूकंप झाला, समुद्राची लाट आली आणि गावातली तिसरा हिस्सा माणसं एका क्षणात गेली. वीस वर्षं लोक विखुरलेले. १९८४ साली कष्टाने दुसऱ्या बेटावर नवं गाव बसवलं.

पाच वर्षांनी, १९८९ च्या २४ मार्चला, पुन्हा गुड फ्रायडेच, मध्यरात्र उलटल्यावर चार मिनिटांनी एक्सॉन व्हाल्डिझ नावाचं जहाज ब्लाय रीफ या खडकावर चढलं. जवळचं गाव ताटितलेक. चार कोटी लिटरच्या वर कच्चं तेल समुद्रात गेलं. आपल्या घाटात दिसतात ते बारा हजार लिटरचे टँकर धरा, तसे जवळजवळ साडेतीन हजार. तेल पसरत पसरत दोन हजार किलोमीटर किनाऱ्याला लागलं. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीने ७२० किलोमीटर.

आता कागदाकडे या. तेल सांडलं तर काय करायचं याचा आराखडा होता. कंपनीने लिहिलेला, सरकारने मंजूर केलेला. पाच तासांत सामान घेऊन मदतीचा तराफा जागेवर पोचेल असं त्यात होतं. त्या रात्री तो तराफा दुरुस्तीसाठी रिकामा करून ठेवलेला. सामान दुसऱ्याच सामानाखाली आणि बर्फाखाली. जागेवर पोचायला बारा तासांच्या वर गेले. तीन दिवस समुद्र बऱ्यापैकी शांत होता. मग वादळ आलं आणि तेल आवरण्याची वेळच निघून गेली.

हे होणार असं कोणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. रिकी ऑट नावाच्या बाई, शिकलेल्या समुद्रशास्त्राच्या पण पोट मासेमारीवर, त्यांनी अपघाताच्या आदल्या संध्याकाळी व्हाल्डिझ गावच्या सभेत टेलिफोनवरून हेच सांगितलं की मोठा अपघात होणार की नाही हा प्रश्न नाही, कधी होणार एवढाच आहे. काही तासांत झाला. कोळी लोक कित्येक वर्षं हेच बोलत होते. पण बोलणाऱ्याला आत जाऊन बघायचा हक्क नव्हता. तराफा धक्क्यावर उभा आहे की दुरुस्तीला गेलाय, हे बघायला इंजिनिअर लागत नाही. डोळे लागतात आणि धक्क्यावर जायची परवानगी लागते.

मग गावांचं काय झालं? सरकारी माणसांनी मासे तपासले आणि बहुतेक ठिकाणचे मासे खायला हरकत नाही असं सांगितलं. लोकांचा विश्वास बसेना. ज्या शिंपल्या आजी बघून, हुंगून पारखायची, त्या आता प्रयोगशाळेच्या कागदावर पारखायच्या होत्या. कित्येक घरांनी समुद्रातलं खाणं सोडलं, डबाबंद आणून खाल्लं. १९९३ साली हेरिंग मासळीच कोसळली. मुलांना शिकवायचं काय, हा प्रश्न म्हाताऱ्यांपुढे उभा राहिला, कारण शिकवणं सगळं किनाऱ्यावर व्हायचं.

आदिवासी कोर्टात गेले. मेलेल्या मासळीचे पैसे हा एक भाग. पण ते म्हणाले, आमची जगण्याची रीतच गेली, तिची भरपाई कुठे? १९९७ साली अपील कोर्टानं सांगितलं की निसर्गावर जगण्याचा हक्क अलास्कातल्या सगळ्यांनाच आहे, तुमचं नुकसान काही वेगळ्या जातीचं नाही, म्हणून त्याची वेगळी भरपाई मिळणार नाही. आम्ही हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. एक शहरी माणूस रविवारी गळ टाकून मासा पकडतो आणि एक गाव त्या माशावर हजारो वर्षं जगतं, दोघांचा हक्क सारखाच म्हणे. म्हणून सांगतो, नुकसान झाल्यावरचं कोर्ट आपल्या कामाचं कमी. जे काय मिळवायचं ते टाकी फुटायच्या आधी, पाहणीच्या वेळी.

त्या अपघाताने एक चांगली गोष्ट मात्र घडवली. किनाऱ्यावरच्या लोकांनी स्कॉटलंडच्या वरच्या शेटलंड बेटांवरचं सलम वो हे तेलबंदर बघितलं. तिथे स्थानिक लोकांना बंदराच्या कारभारात जागा होती. तशीच आपल्याला पाहिजे असं त्यांनी धरलं. १९८९ साली प्रिन्स विल्यम साउंडची नागरिक समिती उभी राहिली. १९९० च्या फेब्रुवारीत तिने अलायेस्का या पाइपलाइन कंपनीशी करार केला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संसदेने तेल-प्रदूषण कायदा केला, त्यात अशा समितीचं कलम घातलं. कलमाच्या सुरुवातीला संसदेने कारणही लिहून ठेवलंय. कंपनी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे सरकारी लोक दोघेही सुस्तावले होते, आणि ही सुस्ती मोडायचा एक उपाय म्हणजे स्थानिक माणसांना आत घेणं. संसदेने कायद्यात असं लिहावं, आणि आपल्या तालुक्याच्या साहेबाला ते तोंडी कबूल करवत नाही!

समितीत कोण? किनाऱ्यावरची गावं, मच्छिमारांच्या संघटना, आदिवासींच्या संस्था, ताटितलेक आणि चेनेगाची माणसं. पैसे कोण देतं? कंपनी देते. सुरुवातीला वर्षाला वीस लाख डॉलर, आणि पाइपातून तेल वाहतंय तोवर द्यायचेच. तुमच्यातले काही हसले. हसणारच. कंपनीच्या पैशाने कंपनीवर नजर, म्हणजे कोल्ह्याच्या कोंबड्या खाऊन कोल्ह्याची राखण. आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण करारात लिहिलंय की पैसे दिले म्हणून कंपनीला समितीच्या कामात बोलता येणार नाही. समिती आपले शास्त्रज्ञ आपण नेमते, अहवाल आपण छापते, आणि बंदराच्या आत जाऊन बघण्याचा हक्क तिला करारानेच आहे. तेल सांडल्याची रंगीत तालीम असते तेव्हा समितीची माणसं वही घेऊन उभी असतात. सामान किती वाजता निघालं, किती वाजता पोचलं, दोर तुटला का. त्या खाडीतून भरलेलं जहाज जाताना सोबत दोन बोटी असल्याच पाहिजेत, हेही त्याच १९९० च्या कायद्याने केलं.

समितीला अधिकार सल्ल्याचाच आहे. ती जहाज थांबवू शकत नाही, टाकीला सील ठोकू शकत नाही. शहरं आणि मच्छिमारांच्या मानाने आदिवासी गावांचा आवाज तिथे लहानच. तरीही आम्हाला ती त्या १९९४ च्या आदेशापेक्षा भक्कम वाटते. आदेश साहेबाला सांगत होता की गरिबाकडे लक्ष दे. समितीत गरीबच आत जाऊन बघतो, आणि पाठीमागे कायदा नि करार दोन्ही आहेत.

आणखी एक गोष्ट तिकडचीच, वेगळ्या तऱ्हेची. युटा राज्यात नव्हाहो आदिवासींच्या मुलखात अ‍ॅनेथ नावाचं तेलक्षेत्र आहे. १९५६ पासून तिथे तेल उपसतात. चरायच्या रानात पंप, रस्ते, खड्डे. मेंढ्यांच्या पाण्यात तेल. तक्रारी खूप झाल्या. १९७८ च्या मार्चअखेर लोकांनी तेलक्षेत्रच ताब्यात घेतलं. बाया, म्हातारे, पोरं सगळे जाऊन बसले, दोन आठवड्यांच्या वर. तेव्हा कंपन्या बोलायला आल्या, आणि जमिनीच्या नुकसानीबद्दल, कामगारांच्या वागणुकीबद्दल, नोकऱ्यांबद्दल कबुली द्यावी लागली. घेराव घालायला आपल्याला कोणी अमेरिकेतून शिकवायला नको. पण घेराव उठल्यावर रोज बघत कोण राहणार, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आता घरी येऊ.

तेलाची लाईन घालायला आपल्याकडे १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन घेत नाहीत, जमिनीचा वापरहक्क घेतात. म्हणजे सातबारा तुमचा, पट्टा तुमचा, पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर-तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. याबद्दल जमिनीच्या बाजारभावाचे दहा टक्के, आणि खणताना पिकाची, झाडाची नुकसानी झाली तर ती वेगळी. हरकत घ्यायला अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवस. सातबारा असणाऱ्यालाही हे २१ दिवस कळत नाहीत, राजपत्र वाचतो कोण? आणि आपल्या प्लॉटवाल्यांचं काय? कागदावर जमीन फॉरेस्टची. म्हणजे नोटीस फॉरेस्टला, नुकसानी फॉरेस्टला, आणि वास आपल्या ओढ्याला.

१९९६ च्या डिसेंबरात संसदेने अनुसूचित क्षेत्रासाठी कायदा केला. त्यात विकासाच्या प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा सल्ला घ्यायचा असं आहे. कंपनी म्हणेल, आम्ही जमीन घेतच नाही, फक्त वापर घेतो, मग सल्ला कशाला? हे उत्तर येणार, तयारी ठेवा. आपलं म्हणणं असं की ज्या पट्ट्यात झाड लावायला बंदी, ती जमीन घेतलीच. वकिलांशी बोलणं चालू आहे.

आणि 'पाहणी झालेली आहे' या शब्दावर कधीही थांबू नका. भोपाळच्या कारखान्याची पाहणी १९८२ च्या मे महिन्यात झाली होती. खुद्द अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या माणसांनी केली होती, आणि विषारी वायू सुटण्याचा धोका त्यांनी लिहूनही ठेवला होता. भिंतीपलीकडच्या झोपडपट्टीला कोणी वाचून दाखवला नाही. दोन वर्षांनी, १९८४ च्या डिसेंबरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्राझीलमध्ये कुबाताव गावी विला सोको वस्तीत पेट्रोलची लाईन गळली. गरिबांची घरं दलदलीत खांबांवर उभी, खाली पाणी, पाण्यावर पेट्रोल. लोकांना वास येत होता. रात्री आग लागली. सरकारी आकडा ९३ मेलेल्यांचा आणि तो फार कमी आहे असं तिथले लोक सांगतात. म्हणून लहानथोर सगळ्यांना सांगून ठेवा. ओढ्यावर रंगीत तवंग दिसला, लाईनीच्या पट्ट्यातलं गवत भलत्या वेळी जळलेलं दिसलं, पेट्रोल-रॉकेलचा वास आला, तर तिथे बिडी पेटवायची नाही, बादली घेऊन भरायला जायचं नाही, गुरं लांब न्यायची. फुकटचं रॉकेल म्हणून धावाल तर हाडं मिळणार नाहीत.

आपल्याकडेही नमुना नाही असं नाही. डहाणू तालुक्यासाठी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १९९६ साली निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. तिथल्या औष्णिक वीज केंद्रावर, कारखान्यांवर त्याची नजर आहे. ते सगळं करील असं आम्ही म्हणत नाही. पण कंपनी आणि कलेक्टर यांच्याशिवाय तिसरं दार असू शकतं, एवढं त्याने दाखवलं.

आपण काय मागायचं? आम्ही ठरावाचा कच्चा मजकूर केला आहे, तो घेऊन जा आणि आपल्या बोलीत बदला. लाईनीची, टाकीची पाहणी कोणत्या दिवशी आहे ते ग्रामसभेला आठ दिवस आधी कळलं पाहिजे. पाहणीला गावातली दोन माणसं, त्यांत एक बाई, बरोबर असली पाहिजेत. पाणी भरायला ओढ्यावर रोज तीच जाते, तवंग आधी तिलाच दिसतो. साहेब जे लिहील ते मराठीत, जागेवर वाचून दाखवायचं आणि नक्कल ग्रामसभेच्या दप्तरात ठेवायची. फॉरेस्टच्या जमिनीवर प्लॉट कसणाऱ्यांची नावंही त्या कागदात आली पाहिजेत, सातबारा असो वा नसो. या शेवटच्या मागणीवर साहेब भडकणार. तिचा उपयोग आपल्याला तेलापलीकडे आहे, हे त्यालाही कळेल.

साहेबाची वाट न बघता एक काम लगेच करता येईल. लाईन जिथून जाते तिथल्या प्रत्येक पाड्याने एक वही घालायची. लाईनीजवळचे ओढे, विहिरी, झरे यांची नावं, कोणत्या खुणेच्या खांबापासून किती पावलं, कोणती घरं ते पाणी पितात. मग महिन्यातून एकदा बघून यायचं आणि तारीख टाकून लिहायचं, काही दिसलं नाही तरी 'काही नाही' असं लिहायचं. शाळेतल्या पोराला सांगा, त्याचं अक्षर चांगलं असतं. ज्यांच्याकडे वही नाही त्यांना आज आमच्याकडून मिळेल, वीस आणल्या आहेत. पहिल्या नोंदी पुढच्या बैठकीला घेऊन या, म्हणजे कोणत्या पाड्यापासून तहसीलदार कचेरीत सुरुवात करायची ते ठरवता येईल.